स्लावाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची

लेस्कोवित्सा, ३ मार्च

विदो,

फोन केला की तिसऱ्या वाक्याला तू "ताई, मीटिंगला बोलावतायत" म्हणून सटकतोस. म्हणून आज कागद घेतला. कागदाला मीटिंग नसते.

काल सकाळी पाव आणायला गेले, तर पेपरच्या टपरीवर मीच लटकलेले. तुमच्या 'ग्रोम'चं अख्खं पहिलं पान! "मास्तरणीचं गुप्त जेवण! परदेशी धन्याकडून हुकूम?" खाली फोटो. मी योस्तकडे झुकून काहीतरी सांगतेय आणि तो मान डोलावतोय. योस्त कोण, तर म्हणे "ओळख लपवून वावरणारा परदेशी." अरे, माझा जावई आहे तो! हॉलंडमध्ये दात काढतो. गेल्या उन्हाळ्यात इथे आला तेव्हा निम्म्या गावाचे दात फुकटात दुरुस्त करून गेला. मी त्याला सांगत होते की ती लहान मिरची चावू नकोस, पोळशील. हा माझा हुकूम.

आणि घरी येऊन टीव्ही लावला, तर सकाळच्या कार्यक्रमात चौघं टेबलाशी बसून तेच पान मोठ्यानं वाचतायत. एक जण म्हणाला, "अशा बाईच्या हाती आपली मुलं होती!" चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी. टपरीवाली माझी विद्यार्थिनी. पेपरचे सुटे पैसे देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

का केलं हे, ते शेंबडं पोरही सांगेल. शाळेच्या व्यायामशाळेचं छत पडलं, कालिनाची मांडी मोडली, पोर अकरा वर्षांची आहे आणि अजून इस्पितळात आहे. ते छत गेल्या शरद ऋतूत नवं बसवलं, फीत कापायला नगराध्यक्षांबरोबर तीन कॅमेरे आले होते. त्या कामावर मी तीन तक्रारअर्ज दिले होते, पोच घेऊन. वीस तारखेला चौकशी समितीसमोर ते वाचणार आहे. 'ग्रोम' म्हणतो, मुलंच छताला लोंबकळली, आणि आईबापांना आम्ही फूस लावून शाळेसमोर उभं केलं.

तू खेळाचं पान बघतोस, तुझा यात हात नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकाच इमारतीत बसतोस ना? एवढं शोधून काढ, तो फोटो त्यांच्या हाती दिला कुणी? फोटो माझ्या लग्नाच्या साक्षीदाराकडच्या, कुम तिहोमिरकडच्या स्लावाचा आहे. त्याच्या कुळसंताच्या दिवशी, आपण सगळे जेवायला बसलो होतो तेव्हाचा. बाहेरचं माणूस तिथे एकही नव्हतं.

स्पोमेन्का


बेलग्रेड, ७ मार्च

प्रिय ताई,

आधी रक्तदाबाची गोळी घे, मग पुढचं वाच.

इतकं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या धंद्यात आजचा देशद्रोही परवा मासे गुंडाळायला जातो. गेल्या महिन्यात एका हृदयाच्या डॉक्टरला तीन दिवस धुतला, आता तोच आमच्या पुरवणीत कोबीचे फायदे सांगतो. लोक विसरतात. तू विसरलीस की लोकही विसरतील.

तू म्हणतेस तसं मी खेळाच्या पानावर. तिथे फार तर पंच विकला गेला की आम्ही पंचाला शिव्या देतो. पहिलं पान वरच्या मजल्यावर ठरतं. खरं तर ठरतही नाही, येतं. एक फोन वाजतो, मुख्य संपादक उभा राहून ऐकतो, आणि मथळा तयार. बाकीचे तीन पेपर उघडून बघ, तोच मथळा, तेच उद्गारचिन्ह.

फोटोचं विचारलंस. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण फोटो तिहोमिरच्या घरातला आहे, हे तूच लिहिलंस. त्याचा थोरला नगरपालिकेच्या पाणीखात्यात हंगामी आहे ना? कायम व्हायचाय म्हणे? आता हा योगायोगही असेल. मी काहीच म्हणत नाही.

समितीचं मात्र ऐक. तुझी तब्येत बरी नाही असं कळव. अर्ज टपालानं पाठव. छत तू पाडलं नाहीस आणि तू सांगितल्यानं ते वरही जाणार नाही.

तुझा,
विदोसाव


लेस्कोवित्सा, १२ मार्च

विदो,

तू नाव घेतलं नाहीस, तरी कळलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तो पेपर पुन्हा पसरला, चष्मा लावला, वर भिंगही घेतलं. टेबलाच्या टोकाशी एक खुर्ची रिकामी आहे. ताटात कोबीची अर्धी सार्मा, काटा आडवा टाकलेला, रुमाल खुर्चीच्या पाठीवर. जेवता जेवता कुणीतरी उठलंय फोटो काढायला. टोकाची खुर्ची म्हणजे घरधन्याची. आणि घर तिहोमिरचं.

काल बाजारात तो दिसला. बटाटे निवडत होता. मी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "काय रे, पोराची नोकरी पक्की झाली का?" तो म्हणाला, "कुठली नोकरी, कुमा?" मी म्हटलं, "मला कुमा म्हणू नकोस. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलास, माझ्या लेकीला, नेवेनाला, बाप्तिस्म्याला हातावर घेतलंस, म्हणून वर देव आणि खाली कुम असं मानत आले. आजपासून तुझं-माझं काही नातं नाही. स्वतःच्या संताच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्याला विकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

त्यानं टोपी काढली, हातात धरली आणि तसाच उभा राहिला. मी निघून आले. रागानं माणूस बरंच चालू शकतं.

सत्तेचाळीस वर्षांचं नातं, विदो. ते तुमच्या दीड वीत कागदानं तोडलं. मला वाटायचं, टीव्हीवर, पेपरात मोठ्या मोठ्या लोकांची धुणी चालतात, आपल्याला काय. आता कळतं, तो गटारीचा पाट कुणाच्याही दारातून वाहू शकतो. आणि त्याला खोदायला परकं माणूस लागत नाही.

तुला एक काम सांगते. योस्त माझा जावई आहे आणि ते जेवण स्लावाचं होतं, एवढ्या दोन ओळींचा खुलासा छापून आण. फुटबॉलखाली छाप, हवं तर बैलांच्या बाजारभावाखाली छाप. वीस तारखेच्या आत.

स्पोमेन्का


बेलग्रेड, १५ मार्च

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. खुलासा अवघड आहे. मी शब्द टाकला. वकिलाकडून अर्ज येऊ दे म्हणाले. म्हणजे दोन वर्षं.

तिहोमिरचं वाईट वाटलं. पण झालं ते एका परीनं बरं झालं. आपली माणसं कोण हे अशा वेळीच कळतं. आता त्याच्याशी वाद वाढवू नकोस. विचारायला, जाब मागायला जाऊ नकोस. तोडलं ते तोडलं.

आणि वीस तारखेला जाऊ नकोस, ताई. हात जोडून सांगतो. त्यांच्याकडे अजून आहे.

विदोसाव


लेस्कोवित्सा, १९ मार्च

विदोसाव,

काल रुझा आली होती. तिहोमिरची बायको. मी दार उघडलं, ती आत आली नाही. पिशवीतून एक तसबीर काढली, काचेसकट, मागे खिळ्याची दोरी तशीच. म्हणाली, "भिंतीवरून काढून आणलीय. तिहोमिर म्हणाला नेऊ नकोस, ती चिडलीय, चिडू दे. पण मी ऐकणारी नाही. बघ आणि मग काय बोलायचंय ते बोल."

तोच फोटो. पण पूर्ण.

तुमच्या पेपरात माझ्या खांद्याच्या उजवीकडे कागद संपतो. तसबिरीत तिथे मेणबत्ती आहे, हातभर उंच, पेटलेली. तिच्याशेजारी स्लावाचा गोल पाव, वर पिठाचा क्रूस. उकडलेल्या गव्हाची वाटी. भिंतीवर संत. सर्बियातलं दुधखुळं पोरही सांगेल की हे गुप्त जेवण नाही, कुळसंताचा दिवस आहे. म्हणूनच ते कापलं.

आणि मेणबत्तीपलीकडे, अगदी कडेला, तिहोमिर. खांद्यावर टॉवेल, हातात राकीची बाटली. उभा.

मी तिथेच पायरीवर बसले. विदोसाव, सहासष्ट वर्षांची बाई मी. दर वर्षी तीन-चार घरच्या स्लावाला जाते. स्लावाच्या दिवशी घरधन्याला खुर्ची नसते! तो सकाळपासून शेवटचा पाहुणा उठेपर्यंत उभा राहतो, वाढतो, ओततो. माझ्या नवऱ्याचे गुडघे गेले होते तरी तो भिंतीला टेकून उभा राहायचा, बसायचा नाही. हे मला माहीत नव्हतं का? आईच्या पोटातून माहीत होतं. पण रागात मी कुमला खुर्ची दिली आणि त्याच खुर्चीवर बसवून फाशी दिली.

मग मी बोटांवर मोजलं. मी, योस्त, नेवेना, रुझा, तिचे दोघे मुलगे, थोरली सून. उभा तिहोमिर. त्या दिवशी टेबलाशी आणखी एकच माणूस होता. तो बेलग्रेडहून सकाळच्या बसनं आला होता आणि सार्मा अर्धी टाकून उठला होता, "थांबा, थांबा, सगळे असे छान दिसताय" म्हणत.

खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल मीच तुला इस्त्री करून दिला होता.

उद्या मी समितीसमोर जाणार आहे. तू काही लिहू नकोस असं मी म्हणत नाही. लिही. मला वाचायचंच आहे.

स्पोमेन्का


बेलग्रेड, २४ मार्च

ताई,

चार वेळा लिहून फाडलं.

हो. मीच दिला.

मी खेळाच्या पानावर नाही. ऑक्टोबरपासून पहिलं पान लावतो. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते ठाऊक होतं. पंचवीस वर्षं पंचांना शिव्या घातल्यावर वाटलं, आता जरा वर जाऊ.

ऐक, मग काय तो निवाडा कर. छत पडल्यावर आठ-दहा दिवसांनी मुख्य संपादकानं बोलावलं. "लेस्कोवित्साची एक मास्तरीण आहे, अर्ज घेऊन फिरते. तुझ्या गावची ना?" मी म्हटलं, बहीण आहे. तो हसला. म्हणाला, "मग तर बरंच झालं." त्यांच्याकडे नेवेनाच्या घटस्फोटाचे कागद होते, पहिल्या लग्नाचे. कुठून मिळाले मला विचारू नकोस. ते छापणार होते, तिच्या नावानिशी. मी म्हटलं, त्यापेक्षा माझ्याकडे एक फोटो आहे, परदेशी माणसाबरोबरचा. मला वाटलं, हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. वाचणारे हसतील. एका दिवसात संपेल.

मेणबत्ती मीच कापली. संपादकानं सांगितलं नव्हतं. फोटो पडद्यावर आला आणि माझ्याच लक्षात आलं, की मेणबत्ती दिसली तर बातमीच उरत नाही. हात आपोआप गेला, ताई. पंधरा सेकंदांचं काम. नंतर बाहेर जाऊन दोन सिगरेटी ओढल्या.

तिहोमिरबद्दल मी तुला खोटं लिहिलं नाही. मी म्हटलं, काहीच म्हणत नाही.

तू समितीसमोर बोललीस ते कळलं. अध्यक्ष ओब्रादनं तुला तो फोटो दाखवून "हा गृहस्थ कोण?" विचारलं, आणि तू म्हणालीस, "तुमच्या डाव्या दाढेवर ज्यानं टोपी बसवली तो." इथे आमच्या कचेरीतसुद्धा लोक हसले. मीही हसलो.

एकच मागतो. कुमला सांगू नकोस. बाकी मला वाटेल ते म्हण.

विदो


लेस्कोवित्सा, २९ मार्च

विदोसाव,

"मी काहीच म्हणत नाही." हे वाक्य मी तुझ्या पहिल्या पत्रात पुन्हा जाऊन वाचलं. मथळ्याशेवटी प्रश्नचिन्ह टाकून माणसाला नागवायची तुमच्या पेपरची जी रीत आहे, तीच तू सख्ख्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात वापरलीस. तिथे तर तुला कुणाचा फोन आला नव्हता.

नेवेनाच्या कागदांचं म्हणतोस. मला एक फोन करायचा होतास. मी नेवेनाला विचारलं असतं. काल विचारलं. ती म्हणाली, "छापू देत, आई. माझा घटस्फोट झाला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मामानं स्लावा का विकला?" 

कुमकडे मी गेले होते. त्याच्या दारात उभी राहून सांगितलं, "चूक माझी, बाजारात सगळ्यांसमोर केली, आता सगळ्यांसमोर माफी मागते." तो म्हणाला, "आधी आत ये, कॉफी गार होईल." कॉफी ठेवलेलीही नव्हती. मग रुझा उठली आणि ठेवली. फोटो दिला कुणी, हे त्यानं विचारलं नाही. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच्या समोरच तर तू फोटो काढलास. बाजारात त्यानं तोंड उघडलं असतं तर मला माझा भाऊ गमवावा लागला असता, म्हणून टोपी हातात धरून शिव्या खात उभा राहिला. हा माणूस तुझ्या लेखी पाणीखात्यात पोराची नोकरी मागणारा!

आता कामाचं. समितीच्या फायलीत माझे तीन अर्ज नाहीत. पोच माझ्याकडे आहे, पण त्यांच्या आवक नोंदवहीतलं ते पानच नाही. आणि 'ग्रोम'चं पान मात्र फायलीत आहे, क्रमांक चौदा, शिक्क्यासकट. "साक्षीदाराचे परदेशी संबंध" या नावाखाली. तुझी पंधरा सेकंदं आता सरकारी पुरावा झाली. उद्या ते लिहितील की छत धड होतं आणि बाई विकलेली होती, आणि कालिनाच्या बापाला सांगतील की पोरीनंच उड्या मारल्या.

फाईल शुक्रवारी चार तारखेला बंद होते. तू येऊन ओब्रादसमोर एवढंच सांग: हा फोटो स्लावाचा आहे, मी काढला, मी दिला, मेणबत्ती मी कापली. चार वाक्यं. क्रमांक चौदा फायलीतून निघेल, आणि माझं बोलणं मग त्यांना ऐकावंच लागेल.

नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. माझ्या माडीवरची खोली मोकळी आहे.

स्पोमेन्का


लेस्कोवित्सा, ६ एप्रिल

विदोसाव,

शुक्रवारी बेलग्रेडहून दोन बस येतात. सकाळच्या बसला मी स्टँडवर गेले, तर कुम तिहोमिर आधीच बाकावर बसलेला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. रुझानं सांगितलं असेल. स्वच्छ कोट घातला होता. म्हणाला, "विदो आला तर त्याला एकट्यानं समितीपुढे जायला लावू नये. मी बाजूला उभा राहीन." पहिल्या बसमधून एक सैनिक आणि दोन बायका उतरल्या. आम्ही समोरच्या दुकानात दही-बुरेक खाल्लं. दुसऱ्या बसमधून कुणीच उतरलं नाही, ड्रायव्हर फक्त पाय मोकळे करायला खाली आला. कुम त्याला विचारायला गेला की मागून आणखी गाडी आहे का.

तीन वाजता फाईल बंद झाली. साडेतीनला टीव्हीवर सांगितलं की समितीला कुणाचाही दोष आढळला नाही. कालिनाचा बाप नगरपालिकेच्या पायरीवर उभा होता. तो ओरडला नाही, त्यानं फक्त दाराला हात लावून बघितला, आतून कडी होती.

मला तुझा राग आहे, विदोसाव. संपादकाचा आहेच, नगराध्यक्षांचा आहे, त्या टीव्हीवरच्या चौघांचा आहे. पण त्यांना मी ओळखत नाही. ते मला विकतात तेव्हा त्यांना मी कोण हे ठाऊक नसतं. तू चालायला शिकताना माझा फ्रॉक धरला होतास. त्यांचं सगळं दुकान तुझ्यासारख्यांवर चालतं, ज्यांच्याकडे आमच्या घरातले फोटो असतात.

तेव्हा आता ऐक. आमच्या गावात पेपर नाही. टीव्ही आहे तो त्यांचा. पण चर्चपासून बाजारापर्यंत लिंडनची झाडं आहेत. गावात कुणी वारलं की त्याच्या मृत्यूचा कागद त्या खोडांवर लागतो, आणि अख्खं गाव जाता-येता थांबून वाचतं. तिथे कुणाचा फोन चालत नाही. काल मी छापखान्यात गेले. एका बाजूला 'ग्रोम'मधला फोटो, शेजारी रुझाच्या तसबिरीतला पूर्ण. खाली माझे तीन अर्ज, पोचेसकट. आणि त्याखाली चोवीस मार्चचं तुझं पत्र, तुझ्या अक्षरात, एकही शब्द न कापता. नेवेनाच्या कागदांची ओळसुद्धा तशीच. ती म्हणाली, राहू दे.

छापखान्यातल्या पोरीनं सवयीनं भोवती काळी चौकट टाकली होती. झाडावर लागणाऱ्या प्रत्येक कागदाला असते तशी. मी म्हटलं, असू दे. कुम माझ्याबरोबर आला होता. तो म्हणाला, "चौकट काढ, पोरी. माणूस जिवंत आहे. अजून येऊ शकतो."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मग म्हटलं, कुम म्हणतो तसं कर.

एकतीस झाडं आहेत. आज सकाळी कुम, रुझा, कालिनाची आई आणि मी मिळून सगळ्यांवर कागद लावले. दुपारपर्यंत तेराव्या झाडापाशी इतकी गर्दी झाली की दुधाची गाडी वळेना. टपरीवाली आली, पूर्ण वाचलं, मग जाऊन 'ग्रोम'चा गठ्ठा दोरीसकट उचलून टपरीच्या मागे ठेवला. मला म्हणाली, "बाई, आज आला नाही असं सांगेन."

हे पत्रही छापून बाकीच्या झाडांवर लावतेय, चर्चपासून स्टँडपर्यंतच्या. तुला टपालानं येईल ती नक्कल. चौकट यालाही नाही. पण ते कुमचं म्हणणं आहे, विदोसाव, माझं नाही. माझ्यावर असतं तर ठेवली असती.

स्पोमेन्का